आकडा आला कुठून?

इकॉनॉमिक्सच्या पीएचडीला ॲडमिशन घेताना सगळे विचारतात, हे करून पुढे काय? एकदा आत शिरलं की पहिल्या वर्षाचं मायक्रो, मॅक्रो, इकॉनोमेट्रिक्स, त्यांच्या परीक्षा, मग गाइड, मग टॉपिक, या धावपळीत तो प्रश्न जो मागे पडतो तो थेट नोकरी शोधायची वेळ आली की परत डोकं वर काढतो. आज मला त्यावरच बोलायचंय, कारण पीएचडी कशासाठी हेच ठरलं नसेल तर चांगली कुठली आणि वाईट कुठली हे ठरवणार कशावरून?

१९८७ साली डेव्हिड कोलँडर आणि आर्यो क्लेमर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सहा नावाजलेल्या युनिव्हर्सिटींमधल्या इकॉनॉमिक्सच्या पीएचडीच्या मुलांचा सर्व्हे छापला. या क्षेत्रात पुढे जायला काय लागतं असं विचारलं होतं. प्रॉब्लेम सोडवण्यातली हुशारी फार महत्त्वाची, असं ६५ टक्के मुलं म्हणाली. आणि अर्थव्यवस्थेची सखोल माहिती? ती फार महत्त्वाची म्हणणारे जेमतेम ३ टक्के, बिनमहत्त्वाची म्हणणारे ६८ टक्के! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे उलटे छापले गेलेत असंच वाटलं.

त्यानंतर अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने पीएचडीचं शिक्षण तपासायला ॲन क्रूगर यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमलं, त्यात केनेथ ॲरो, रॉबर्ट लुकास, जोसेफ स्टिग्लिट्झ असे नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ होते, म्हणजे गणिताला घाबरणारं त्यात कोणीच नव्हतं. त्यांचा रिपोर्ट १९९१ ला आला. गणित कमी करा असं त्यांनी म्हटलं नाही, त्यांची तक्रार होती की हत्यारं शिकवली जातात पण ती कुठल्या खऱ्या प्रश्नावर चालवायची हे शिकवलं जात नाही. माझ्या मते दुखणं नेमकं तिथेच आहे, आणि आजही ते पूर्ण गेलेलं नाही.

पीएचडीची एक मुलगी प्रबंध तपासणाऱ्या आमच्या कमिटीपुढे घरांच्या उत्पन्नावरचा चॅप्टर घेऊन आली होती, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे मोजायचं गणित) नीट, टेबलं स्वच्छ, सगळं जागच्या जागी. मी एवढंच विचारलं की यात शून्य उत्पन्नाची घरं बरीच दिसतात, मग ही माणसं जगतात कशी? तिला सांगता येईना. आठवड्याने सर्व्हेची मूळ प्रश्नावली वाचून ती परत आली, म्हणाली सर, ज्यांनी उत्तरच दिलं नव्हतं त्यांच्यापुढे शून्य टाकलंय. सगळा चॅप्टर तिने नव्याने केला, निष्कर्ष आधीपेक्षा कमकुवत निघाला, पण त्या दिवसापासून तिला तिचा डेटा कळायला लागला.

पानांच्या संख्येवरून दर्जा मोजायची सवय तर सोडूनच द्यावी. गणितज्ञ जॉन नॅश यांचा १९५० चा प्रिन्स्टनमधला प्रबंध तीसेक पानांचासुद्धा नव्हता, आणि त्यातल्याच कामासाठी १९९४ ला इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळालं.

आता थॉमस हर्नडन. मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत, ॲमहर्स्टला पीएचडी करत होता, कोर्सचा होमवर्क म्हणून राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या सरकारी कर्जावरच्या गाजलेल्या पेपरातली आकडेमोड पुन्हा करून बघायला घेतली, तर आकडे जुळेनात. लेखकांकडे मागितल्यावर त्यांनी एक्सेल फाइल पाठवली, त्यात सरासरीच्या फॉर्म्युल्यात २० पैकी १५च देश धरलेले, पाच देश बाहेर राहिलेले. शिवाय काही वर्षांचा डेटा वगळलेला आणि सरासरीत कुठल्या देशाला किती वजन द्यायचं याची पद्धत नेहमीपेक्षा वेगळी. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ सरासरी उणे ०.१ टक्का होते असं मूळ पेपरात होतं, हर्नडन आणि त्याच्या दोन शिक्षकांनी २०१३ ला ते २.२ टक्के काढलं. फॉर्म्युल्यातली चूक लेखकांनी मान्य केली, मुख्य निष्कर्ष मात्र सोडला नाही. कोण बरोबर यावर वाद घाला, जरूर घाला, पण एका विद्यार्थ्याने फाइल उघडून प्रत्येक सेल बघितला म्हणून तो वाद निदान घालता तरी येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एका छापलेल्या पेपरातलं काम मूळ डेटापासून पुन्हा करून दाखवायचं, कोडसकट, आणि ते फायनल परीक्षेइतकंच सक्तीचं हवं. आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत ते लिहून द्यायचं, त्यालाही तेवढेच मार्क.