सुटं पान

(दृश्य : तळहातावरचं पान, उजेडाकडे कलतं)

पान जरा तिरकं धरलं की कोपऱ्यातलं मोठं अक्षर चमकतं. सोनं आहे, खरं सोनं. सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी लावलेलं.

‘बुक ऑफ आवर्स’चं हे पान. घरी वाचायचा ख्रिस्ती प्रार्थनाग्रंथ. दिवसाच्या आठ वेळांच्या प्रार्थना, आपले आठ प्रहर म्हणा हवं तर. पंधराव्या शतकात पॅरिस, रूआँ, ब्रूज इथे असे ग्रंथ हजारांनी तयार झाले.

(दृश्य : चौकटीवर ताणलेलं कातडं)

हा कागद नाही. वासराचं किंवा मेंढीचं कातडं. चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस काढायचे, चौकटीवर ताणायचं आणि ताण न सोडता अर्धगोल पात्यानं खरवडत राहायचं. पुष्कळ पानांच्या एका बाजूला केसांच्या मुळांचे ठिपके अजून दिसतात.

(दृश्य : निळी पूड, पाण्यात उतरणारा रंग)

चित्रातल्या मेरीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, वस्त्राचा उंची निळा यायचा थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. लाजवर्दाचा दगड. नुसता कुटला तर पूड राखाडी पडते. म्हणून ती मेण आणि राळेत मळायची, मग तो गोळा राखेच्या निवळीत चेपत बसायचं. निळा तेवढा तळाशी उतरतो, मळ गोळ्यातच राहतो. पहिल्या हाताचा निळा सगळ्यात गडद, आणि सगळ्यात महाग.

(दृश्य : वर्ख लावणारा हात)

सोन्याखाली आधी लेपाची उशी : प्लास्टर, सरस, थोडी साखर. ती सुकली की तोंडानं वाफ सोडायची, ओल धरली की वर्ख बसवायचा. मग घोटायचा. अकिकानं, नाहीतर कुत्र्याच्या सुळ्यानं. हो, सुळ्यानंच.

(दृश्य : पानाची आतली कड)

आपल्या पोथीची पानं मुळात सुटीच असतात. हे मात्र शिवलेलं बाड होतं. ही कड बघा. इतकी सरळ कड सुरीचीच.

अमेरिकेत क्लीव्हलँडला ऑटो एगी नावाचे कलाशिक्षक होते. जुने ग्रंथ घ्यायचे, उसवायचे, पानं विकायचे. १९३८ साली लेख लिहून त्यांनी त्याचं समर्थनही केलं : अख्खा ग्रंथ कितींना परवडणार, निदान एखादं पान तरी लोकांच्या हाती पडू दे. म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. त्यांच्या संग्रहातून ५०-५० पानांच्या ४० पेट्या झाल्या. त्यातलं १५ नंबरचं पान फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलसाठी लिहिलेल्या ‘मिसल’चं, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेच्या प्रार्थनाग्रंथाचं. १९२६ साली लिलावात गेला तेव्हा तो एकसंध होता. ३०९ पानं.

ग्रंथाच्या कॅलेंडरमधल्या स्थानिक संतांवरून तो कुठल्या गावचा ते कळतं. कॅलेंडर एका घरी आणि बाकीची पानं भलतीकडे गेली, की हा माग संपला.

(दृश्य : भिंतीवर चौकटीतली पानं)

संग्राहक म्हणतात, आम्ही कापलं नाही, सुटंच मिळालं. खरंही असेल. पण गिऱ्हाईक आहे म्हणून सुरी चालते.

(दृश्य : स्क्रीनवर शेजारी शेजारी लागणारी पानं)

बोव्हेचा ग्रंथ अभ्यासक लिसा फेगन डेव्हिस आता स्क्रीनवर जुळवताहेत. शंभरावर पानं सापडली आहेत. असं एखादं पान कुणाकडे असेल, तर ते चौकटीतून काढून दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. भिंतीकडे असते ती बाजूही. मजकूर तिथेच पुढे चालू असतो.