आईच्या नावाची फोटोग्राफर

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क लोकांच्या बिल्बाओ शहरात जाणार आहोत.

तिथे १८५३ साली एका सधन घरात मुलगी झाली. बाप्तिस्म्यात नाव ठेवलं एल्विरा हुलियाना. पण थोड्याच दिवसांत बाळंतीण गेली. बाळंतिणीचं नाव होतं एउलालिया. घरच्यांनी ठरवलं, बाळाला आता एउलालियाच म्हणायचं. जिला आई आठवणंच शक्य नव्हतं, तिला जन्मभर आईच्याच नावानं हाका! मी ही गोष्ट कितीदा तरी सांगितली आहे, पण दरवेळी इथे घटकाभर थांबतो. फोटोची कला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. फ्रान्सच्या दागेरनं लावलेला फोटो काढण्याचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये. घरोघरी आईचा फोटो भिंतीवर असण्याचे ते दिवसच नव्हते. आईची आठवण राहायची ती नावात. आणि ते नाव घेऊन वाढलेली मुलगीच पुढे फोटो काढायला लागली. एउलालिया आबाइतुआ, हे नाव लक्षात ठेवा.

यावरून एक सांगतो. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहून ठेवा. पेन्सिलीनं, हलक्या हातानं. शाई पुढे उमटते. आजी आहे तोवर तिला विचारून घ्या.

तर एउलालिया. स्पेनच्या गादीवरून पेटलेल्या यादवीच्या, म्हणजे कार्लिस्ट युद्धाच्या काळात ती इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला होती, कॅमेरा तिथेच शिकली. बिल्बाओला परत आल्यावर तिथल्या बेगोन्याच्या चर्चजवळ राहिली आणि कॅमेरा घेऊन उन्हात, रस्त्यावर उतरली. स्टुडिओतला रंगवलेला पडदा नाही, उसनी खुर्ची नाही. डोक्यावर पाट्या घेऊन सार्डिन मासे विकणाऱ्या बाया, दूधवाल्या, धुणं धुणाऱ्या, नदीच्या धक्क्यावर जहाजं रिकामी करणाऱ्या हमाल बाया. होय, हमाल बाया! बिल्बाओच्या धक्क्यावर ओझी वाहायला बायका होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली.

तिचा कॅमेरा दोन भिंगांचा. आपल्या दोन डोळ्यांमध्ये असतं साधारण तेवढंच अंतर भिंगांमध्ये, म्हणून एका काचेवर शेजारी शेजारी दोन चित्रं. तिच्या अशा सुमारे अडीच हजार काचा बिल्बाओच्या बास्क संग्रहालयात आहेत. दुर्बिणीसारख्या पेटीला डोळे लावले की दोन्ही चित्रं एक होतात, मागचा धक्का मागे सरतो आणि टोपली घेतलेली बाई हाताच्या अंतरावर येऊन उभी राहते.