विंचवाचं बिऱ्हाड

[सर्व्हर रूम. पंख्यांची घरघर. रॅकच्या तळाशी धूळ बसलेला एक जुना सर्व्हर.]

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मोठ्या ऑफिसांतल्या सर्व्हर रूम अशाच दिसायच्या. मेलसाठी एक मशीन, पगारपत्रकासाठी दुसरं, प्रिंटिंगसाठी तिसरं. एकाच विंडोज सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम नांदवले की भांडणं व्हायची, म्हणून प्रत्येकाची चूल वेगळी. दिवसातला बराच वेळ ही यंत्रं बसून असायची, वीज मात्र चालूच.

यावरची तोड जुनीच होती. एका मेनफ्रेमवर, म्हणजे एका मोठ्या संगणकावर, अनेक आभासी यंत्रं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवण्याचं काम आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात १९६०च्या दशकातच झालं होतं. पण इंटेलचे स्वस्त प्रोसेसर या कामासाठी घडवलेलेच नव्हते. पाहुण्या सिस्टीमने, म्हणजे आभासी यंत्रातल्या विंडोजसारख्या सिस्टीमने, काही सूचना दिल्या, तर तिला सांभाळणाऱ्या यजमानाला त्याचा पत्ताच लागत नसे. १९९८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या व्हीएमवेअरने अशा सूचना चालता चालता बदलून टाकायची युक्ती वापरली. २००१ मध्ये त्यांचं ईएसएक्स सर्व्हर हे आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर आलं आणि ठिकठिकाणी जुन्या सर्व्हरांचं सामान आभासी घरात न्यायला बांधायला सुरुवात झाली.

[स्क्रीनवर कॉपी होत असलेली डिस्क. टक्के हळूहळू वाढताहेत.]

या कामाला अ‍ॅडमिन लोक म्हणतात ‘पी टू व्ही’. फिजिकलमधून व्हर्च्युअलमध्ये. अख्खी डिस्क कॉपी करून तिची एक फाइल करायची. ऐकायला सोपं. रात्री कॉपी पूर्ण होते, मशीन सुरू करता, आणि समोर ब्लू स्क्रीन. कोड ७बी. विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही, कारण तिला ओळख जुन्या डिस्क कंट्रोलरची. नव्याचा ड्रायव्हर सुरूच झालेला नाही. घर नवं, किल्ली जुनी.

ते निस्तरलं की नेटवर्क. जुना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्यायला जावं, तर विंडोज म्हणते, तो दुसऱ्या नेटवर्क कार्डाकडे आहे. ते कार्ड मागे राहिलेल्या यंत्रात. इथे उरलंय त्याचं भूत. आणि एखाद्या सॉफ्टवेअरचं लायसन्स यूएसबी डोंगलमध्ये असेल, तर तो डोंगल फाइलला कुठे टोचणार?

उलटा प्रवासही होतो, क्वचित. मशीन फाइलमधून पुन्हा लोखंडात.

[दोन सर्व्हर, मध्ये एक केबल.]

पण खरी गंमत फाइल झाल्यानंतरची. आता मशीन बंद न करता हलवता येतं. मेमरी पान-पान करून दुसऱ्या यजमानाकडे जाते. तेवढ्यात प्रोग्रॅम काही पानांवर नवं लिहितो. ती पानं पुन्हा पाठवायची. मग त्या वेळात बदललेली. यादी लहान होत जाते, आणि शेवटी मशीन क्षणभर थांबवून उरलेलं सगळं एकदम न्यायचं. लिहिण्याचा वेग केबलच्या वेगाहून जास्त असेल, तर हा पाठलाग संपतच नाही. मग मशीनलाच थोडं रेटून धरावं लागतं.

२००५ साली झेन या आभासी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या संशोधकांनी चालू क्वेक ३ गेमचा सर्व्हर असा हलवला. खंड पडला तो फक्त ६० मिलिसेकंदांचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. नव्या जागी पोचल्यावर मशीन स्विचला ओरडून सांगतं, हा पत्ता आता इथे राहतो.

हे इतकं सुरळीत जमतं, कारण एकाच कंपनीच्या यजमानांवर आभासी कंट्रोलर, कार्ड, सगळं तेच असतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

[आजची डेटा सेंटर. निळे दिवे.]

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. लायसन्सची रीत बदलली, आणि अनेक ग्राहक केव्हीएमवर, म्हणजे लिनक्समधल्या आभासी यंत्रांच्या सोयीवर, चालणाऱ्या पर्यायांकडे वळू लागले. पुन्हा सामानाची बांधाबांध. इथला डिस्क कंट्रोलर वेगळा, ‘व्हर्टआयओ’ जातीचा. त्याचा ड्रायव्हर आधीच टाकून ठेवायला विसरलात, तर मशीन नव्या जागी डोळे उघडतं, आणि समोर तीच निळी स्क्रीन. कोड ७बी.