जूनमधला उघडा साग

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीच्या सुमारास सागाच्या पानांची पार चाळण होते, नुसत्या शिरा उरतात आणि बांधावर साग लावलेला माणूस घाबरतो. घाबरायचंच, तर जूनमध्ये घाबरा.

सागावर पतंगाच्या दोन अळ्या. पावसाळा सरताना पानाची जाळी करते ती एक. वळवाच्या सरींनंतर कोवळी पालवी फस्त करते ती दुसरी, हायब्लिया. तिचा पतंग करडा, पण मागचे पंख काळे-नारिंगी. अळी पानाची कड कापते, तुकडा दुमडून रेशमाने शिवते आणि त्या घडीत बसून खाते. दहा-बारा दिवसांत झाड उघडं. खाडीतल्या तिवरालाही हीच लागते बरं का.

आता जूनच का, ते ऐका. केरळात निलांबूरला १८४०च्या दशकापासून सागाची लागवड आहे. तिथे संशोधकांनी कोवळ्या सागाचे चार भाग केले. एकात फक्त पानं खाणारीला औषध, दुसऱ्यात फक्त जाळीवालीला, तिसऱ्यात दोघींना, चौथा भाग अळ्यांना मोकळा. पाच वर्षं झाडं मोजली. जाळीवालीला आवरून लाकडात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पानं खाणारी मात्र वाढीतलं ४४ टक्के लाकूड गिळून बसली होती! शंभर घनफूट भरायचं, तिथे छप्पन्न. कारण साधं आहे. जूनचं पान झाडाला वर्षभराचं कमावून देणार असतं, ऑक्टोबरच्या पानाचं काम उरकलेलं असतं. म्हणून पुन्हा सांगतो, जाळीला नको, जूनच्या उघड्या झाडाला घाबरा.

पहिल्या सरींनंतर आठवड्याने शेंड्याची पानं उलटून पाहा. झाडाखाली काळ्या लेंड्यांचा सडा दिसला, तर वर अळी आहेच. हात पोचेल तिथल्या घड्या खुडून साबणाच्या पाण्यात टाका. रोपांवर बीटीची, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूची, फवारणी संध्याकाळी करा, अळी लहान असतानाच; मोठी झाली की औषध फुकट. उंच झाडांच्या नादी लागू नका, ती पुन्हा पालवतात. आणि तो पाचोळा जाळायची खोड सोडा हो! त्यात कोश असतात हे खरं, पण ते खाणारे मुंगळे आणि कोळीही तिथेच असतात.

शेंडा खाल्ला गेला की दोन फांद्या सरळ वर धावतात. सरळ असेल ती ठेवा, दुसरी बोटाएवढी असतानाच छाटा. मनगटाएवढी झाली की गाठ पडते आणि फळी तिथेच फुटते.