आधी मोकळी जमीन, मग मशीन

मंडळी, जिम काढायची ठरली की आपल्याकडे पहिल्यांदा मशीनचा कॅटलॉग येतो. हॉलची उंची किती, वारा कुठून येतो, हे नंतर. मग वस्तीच्या लेआउटमधल्या समाजभवनात चार ट्रेडमिल अन् सहा मशीन कोंबतात, आणि थोड्याच दिवसांत तिथे फक्त विशी-पंचविशीतली पोरं उरतात. माझं म्हणणं उलटं आहे. नकाशावर आधी रिकामी जागा आखा. उरलेल्यात मशीन बसवा.

नागपूरच्या महाल भागातले जुने लोक मला विचारतात, ‘काऊन बा, एवढी जागा रिकामी कायले ठेवली?’ मी म्हणतो, तुमच्या आखाड्यात काय होतं? मधोमध कुस्तीचा हौदा, एका बाजूला मल्लखांब, भिंतीशी मुद्गलं. दोघं लढायचे, बाकीचे काठावर बसून बघायचे, आणि नवा पोरगा निम्मे डाव बघूनच शिकायचा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं, ती काय मशीनवर? बहुतेक आखाड्यांत बायकांना मात्र पाऊल ठेवता येत नव्हतं. तेवढं तिथून उचलायचं नाही.

समजा हॉल 20 बाय 50 फुटांचा आहे. अर्धा मोकळा सोडा. सकाळी तिथे बायकांचा वर्ग, नंतर ज्येष्ठ, संध्याकाळी शाळेची पोरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. तोलाच्या व्यायामाला काय लागतं? न घसरणारी जमीन आणि भिंतीला धरायला एक दांडी.

उरलेल्या अर्ध्यात मापं कडक पाळा. वजनं उचलायचा मोठा बार 2.2 मीटरचा, म्हणजे सव्वासात फूट. दोन्ही टोकांना प्लेट चढवणारा माणूस उभा राहायला हवा, तेव्हा दहा-अकरा फूट रुंदी धरा. ट्रेडमिलच्या मागे दोन मीटर मोकळे पाहिजेत. पाय सुटला की माणूस मागेच फेकला जातो, तिथे भिंत असली तर डोकं फुटतं. आरसा एकाच भिंतीला. चहूबाजूंनी आरसे असले की पहिल्या दिवशी आलेली पन्नाशीतली बाई दुसऱ्या दिवशी येत नाही.

आता हवा. मे महिन्यात आपला पारा 45 च्या वर जातो, पण हवा कोरडी असते, म्हणून कूलर झकास चालतो. अट एकच, समोरच्या भिंतीतून हवा बाहेर पडली पाहिजे. लोक कूलर लावून खिडक्या गच्च बंद करतात, मग अर्ध्या तासात आत दमट कोंडवाडा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली, तेव्हा कूलरचा उपयोग नाही. तेव्हा मोठे पंखे आणि समोरासमोर खिडक्याच कामाला येतात. म्हणून बांधतानाच छत उंच घ्या. छत बुटकं असलं तर बार डोक्यावर उचलणाऱ्याने करायचं काय?

जमिनीबद्दल दोन शब्द. नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम भरा, नीट दाबा, मगच फरशी. नाहीतर रबर मॅट कितीही महाग घ्या, खालची फरशी तडकणारच. वजनं तळमजल्यावरच ठेवा. वरच्या मजल्यावर प्लेट आपटली की खालच्या घरातलं बाळ उठतं, आणि सोसायटीची पुढची मीटिंग तुमच्यावरच होते.

पैसे कमी असतील तर एक रॅक, एक बार, थोड्या प्लेट, डंबेल आणि मॅट एवढ्यावर सुरू करा. ट्रेडमिल सगळ्यात शेवटी. तिला वीज लागते, दुरुस्ती लागते, एका वेळी ती एकाच्याच कामी येते. चालायला सेमिनरी हिल्सचा रस्ता फुकट आहे.