ना हा, ना तो: ड्रेमंड ग्रीनची कॉलेजातली चार वर्षं

(पडद्यावर: सॅगिनॉ नदी. काठावर बंद कारखान्यांच्या भिंती.)

सॅगिनॉ. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं, मोटारींच्या कारखान्यांवर पोसलेलं शहर. १९६० साली इथं ९८ हजार माणसं राहत होती. २०१० च्या जनगणनेत उरली जेमतेम ५१ हजार. कारखाने गेले, माणसं गेली, पण बास्केटबॉल कुठं गेला नाही. सॅगिनॉ हायस्कूलनं २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं राज्य अजिंक्यपद पटकावलं. त्या संघात एक जाडसर अंगाचा, कोर्टवर तोंडाचा पट्टा सतत चालू ठेवणारा मुलगा होता. ड्रेमंड ग्रीन.

याला खेळवायचं कुठं, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. बास्केटखाली रेटारेटी करायला ताडमाड उंची लागते, ती त्याच्याकडे नव्हती. कडेनं धावणाऱ्या चपळ फॉरवर्डला अडवायचं तर पायांत तेवढा वेग नव्हता. अमेरिकेत अशा अधल्यामधल्या खेळाडूला ‘ट्वीनर’ म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. आपल्याकडची म्हण तर त्याहून झोंबरी: एक ना धड, भाराभर चिंध्या.

आधी त्यानं केंटकी विद्यापीठाला शब्द दिला होता. २००७ मध्ये तिथले प्रशिक्षक टबी स्मिथ सोडून गेले, आणि ड्रेमंड घराजवळच्या मिशिगन स्टेटमध्ये आला. गुरू मिळाले टॉम इझो. रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला चेंडू बास्केटखाली पकडण्यासाठी, खेळाडूंना अमेरिकन फुटबॉलची चिलखतं चढवून सराव करायला लावणारा माणूस!

पहिल्या वर्षी सामन्यामागे अकराएक मिनिटं खेळायला मिळायचं. गुण ३.३, रिबाउंडही ३.३. संघ राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला, डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर ७२ हजारांवर प्रेक्षकांसमोर नॉर्थ कॅरोलायनाकडून हरला. या वर्षाबद्दल एवढंच पुरे.

दुसऱ्या वर्षातला एक क्षण मात्र थांबून बघावा असा आहे.

(पडद्यावर: रिकामं कोर्ट, घड्याळात उलटे सरकणारे आकडे.)

मार्च २०१०. तीच राष्ट्रीय स्पर्धा, समोर मेरीलँड. संघाचा मुख्य गार्ड केलिन लुकास जखमी होऊन बाहेर बसलेला. मिशिगन स्टेट एका गुणानं मागं, हातात सातेक सेकंद. अशा वेळी चेंडू पुढं आणण्याचं काम गार्डचं. तो घेऊन धावला ड्रेमंड, म्हणजे एक फॉरवर्ड, आणि तोही राखीव फळीतला. त्याचा पास सुटला तेव्हा मधे आपलाच गडी डेल्वॉन रो उभा होता. रो झटकन खाली वाकला, चेंडू त्याच्यावरून कोरी लुशियसच्या हातात गेला, आणि भोंगा वाजता वाजता तीन गुण. ८५–८३. खांद्यावर मिरवलं गेलं ते लुशियसचं नाव, आणि ते रास्तच. पण मला तो सामना आठवतो तो पासासाठी. सेंटरच्या, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच गड्यांच्या, गर्दीत वावरणाऱ्याला गार्डची नजर होती, हे तिथं उघड दिसलं.

तिसऱ्या वर्षी संघ रडतखडत खेळला. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात यूसीएलएनं एका टप्प्यावर २३ गुणांची आघाडी घेतली होती. शेवट ७८–७६ असा झाला. हरलेल्या बाजूच्या ड्रेमंडचे आकडे: २३ गुण, ११ रिबाउंड, १० असिस्ट (ज्यावर सहकाऱ्यानं गुण मिळवला असे पास). ट्रिपल डबल! म्हणजे एकाच सामन्यात तीन बाबतींत दोन अंकी आकडा.

चौथं वर्ष सुरू झालं ते चक्क युद्धनौकेवर. नोव्हेंबर २०११, सॅन दिएगो, विमानवाहू ‘कार्ल व्हिन्सन’ची धावपट्टी, प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष ओबामा. काहीच महिन्यांपूर्वी याच नौकेवरून ओसामा बिन लादेनचा मृतदेह समुद्रात सोडला होता. ड्रेमंडनं १८ रिबाउंड घेतले, संघ हरला. मग ड्यूककडूनही हरला. सुरुवातच दोन पराभवांनी. त्यानंतर सलग १५ विजय.

आता तो संघाचा आवाज झाला होता. वर्षाची सरासरी १६.२ गुण, १०.६ रिबाउंड, ३.८ असिस्ट. विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ गटाचा सर्वोत्तम खेळाडू तोच, प्रशिक्षकांच्या संघटनेनं देशातला सर्वोत्तम ठरवला तोही तोच. राष्ट्रीय स्पर्धेत लाँग आयलंड ब्रुकलिनविरुद्ध पुन्हा ट्रिपल डबल: २४, १२ आणि १०. या स्पर्धेत एकाहून अधिक ट्रिपल डबल करणारे तोवर दोघंच होते, ऑस्कर रॉबर्टसन आणि मॅजिक जॉन्सन. मॅजिक तर याच विद्यापीठाचा. पुढं लुईव्हिलनं वाट अडवली आणि कॉलेजचा प्रवास संपला. मिशिगन स्टेटसाठी घेतलेले रिबाउंड १,०९६. विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक.

इतकं सगळं होऊनही २०१२ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या फेरीत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. बूट काढून उंची साडेसहा फुटांच्या किंचित आतच भरत होती, आणि जुना प्रश्न पुन्हा समोर: हा खेळणार कुठं? गोल्डन स्टेट वॉरियर्सनं त्याला ३५ व्या क्रमांकावर उचललं. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याच्याआधी दोघं निवडले होते.

तीन वर्षांनी, २०१५ च्या अंतिम मालिकेत, १–२ असे मागं पडलेल्या वॉरियर्सनी सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढलं आणि त्या जागी या ‘बुटक्या’ला उभं केलं. पुढचे तिन्ही सामने जिंकून विजेतेपद घेतलं.

(पडद्यावर: गुणफलक.)

१० फेब्रुवारी २०१७, मेम्फिस. ड्रेमंड ग्रीन: १२ रिबाउंड, १० असिस्ट, १० स्टील, म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू. गुणांचा आकडा दोन अंकी नसताना झालेला एनबीएतला पहिला ट्रिपल डबल.

गुण होते ४.