हाड सांधताना

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: पावसात न्हालेली पऱ्हाटी. दोन ओळींतून चालणारा डवरा. बैलांच्या खुरांना चिकटलेला चिखल.]

यवतमाळ जिल्हा, श्रावण महिना. काळ्या रानात पाऊस मुरला की माती पाय सोडत नाही. चार पावलं टाकली की चप्पल उचलवत नाही. पुढे डवरा चाललाय, मागे बायका निंदणाला वाकल्यात. याच वावराच्या धुऱ्यावर एक मावशी घसरल्या. तोल जाताना कुणीही करेल तेच त्यांनी केलं. डावा हात पुढे टेकवला.

[बाईट: मावशी, ओसरीवर बसलेल्या.]
"कटकन आवाज आला. रक्त नाही, काही नाही. मले वाटलं मुका मार हाय, बसून जाईन. शेजारीण म्हणे, तेल लावून चोळून देतो."

मावशींनी चोळू दिलं नाही. हात लावला तरी कळ मस्तकात जात होती. त्या कळीनेच त्यांना वाचवलं. आपल्याकडे रक्त दिसलं की माणूस धावतो. कातडी शाबूत असली की हळद येते, तेल येतं, शेकायला वीट तापते, आणि आत मोडलेल्या हाडाची टोकं त्या चोळण्याने आणखी सरकत जातात. शेजारच्या नसा आणि रक्तवाहिन्या त्या टोकांपासून बोटभरही लांब नसतात.

[दृश्य: आशा ताई, खताच्या रिकाम्या पोत्याची घडी, दुपट्टा.]

त्या दिवशी आशा ताईंनी वावरात जे केलं, ते त्यांनी आमच्यासाठी पुन्हा करून दाखवलं. खताच्या रिकाम्या पोत्याची जाड घडी घातली. ती कोपरापासून बोटांपर्यंत हाताखाली धरली आणि दुपट्ट्याने सैलसर बांधली. वाकडा झालेला हात सरळ करायला त्या गेल्या नाहीत. जसा होता तसाच आधाराला लावला. गाठ बांधून झाल्यावर त्यांनी काय केलं ते नीट पाहा. मावशींच्या बोटाचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं पडलं आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झालं. रक्त पोचतंय. "मुंग्या येतात का माय?" असं विचारलं. मग एकेक बोट हलवायला लावलं. हे तिन्ही ठीक, म्हणजे तालुक्यापर्यंतचा रस्ता झेपेल.

[दृश्य: ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा. रांग. छत्र्या.]

प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुतेक ठिकाणी हाडाचा फोटो निघत नाही. त्यासाठी तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय गाठावं लागतं. गाडीची सोय नसेल तर १०८ आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्लास्टरला किती पैसे पडतील या धास्तीने आजही कितीतरी जण घरीच बसून राहतात, म्हणून हे सांगायला हवं.

[दृश्य: जवळून. सुजलेलं मनगट, हिरव्या काचेच्या बांगड्या, सिस्टरचे हात, साबणाचं पाणी.]

पहिलं काम बांगड्यांचं. सूज चढतच जाणार आणि बांगडीला ताण घेता येत नाही. सिस्टरने साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी अलगद उतरवली. दोन बांगड्या अंगठ्याच्या बुडाशी अडल्या. मावशींचे मालक दाराशी उभे होते. त्यांच्याकडे बघून मावशींनी मान फिरवली. सिस्टरने खाली कापसाची पट्टी सारली आणि त्या दोन्ही बांगड्या वाढवल्या. उतरवलेल्या बांगड्या तिने लगेच मावशींच्या उजव्या हातात भरल्या. हे कुणी तिला शिकवलेलं नसणार.

[दृश्य: प्रकाशपेटीवर दोन फोटो.]

फोटो दोन काढले, एक समोरून आणि एक आडव्या हाताचा. पहिल्यात नुसती रेघ दिसते, तीही डॉक्टरांनी बोट ठेवल्यावर. दुसऱ्यात मात्र मनगटाजवळचा तुकडा हाताच्या मागच्या बाजूला सरकलेला सरळ दिसतो. एकाच फोटोवर काम भागवलं असतं तर हे सुटलं असतं. आयर्लंडचे सर्जन अब्राहम कॉलेस यांनी या मोडण्याचं वर्णन १८१४ साली लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे कॉलेस यांनी आत डोकावायचं कुठलंही साधन नसताना, बोटांनी चाचपून हे ओळखलं होतं. मनगटाला येणारा जेवणाच्या काट्यासारखा बाक आजही डॉक्टर आधी डोळ्यांनी पाहतात, मग फोटो मागवतात.

[दृश्य: प्लास्टर रूम. बादली, पट्ट्यांचे गुंडाळे, पाण्यात उठणारे बुडबुडे.]

आता या खोलीत थोडं थांबू. अशा खोल्यांचे फोटो पेपरात येत नाहीत. उद्घाटन होतं ते मोठ्या ऑपरेशन थिएटरचं. पण मनगटाची मोडलेली कितीतरी हाडं अशाच खोलीत, हातांनी जागेवर येतात.

मोडलेल्या जागी रक्त साकळलेलं असतं. डॉक्टर तिथेच सुईने भुलीचं औषध सोडतात. काही मिनिटं थांबतात. मग एक जण मावशींचा दंड धरतो, कोपर काटकोनात ठेवून. डॉक्टर अंगठा आणि बोटं धरून ओढ देतात. हिसका नाही. एकसारखी, न सुटणारी ओढ. मिनिट जातं, दुसरं जातं. आकसून बसलेले स्नायू हळूहळू हार मानतात. अडकलेली टोकं सुटली की डॉक्टरांचे अंगठे सरकलेल्या तुकड्यावर येतात आणि त्याला पुढे, करंगळीच्या बाजूला दाबतात. मनगटाचा बाक जातो. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम बघा. ही ताकदीची आणि अंदाजाची दोन्ही कामं आहेत.

[दृश्य: ओली पट्टी पिळताना. पांढरं पाणी.]

मग प्लास्टर. जिप्सम हा दगड तापवला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि पांढरी भुकटी उरते. तीच भुकटी या पट्ट्यांवर पसरलेली असते. पाणी लागलं की ती पाणी परत शोषून घेते आणि पुन्हा दगड बनते. बनताना गरम होते. म्हणून पाणी कढत चालत नाही, नाहीतर कातडी भाजते. मावशी दचकून म्हणाल्या, "हात तापला." टेक्निशियन भाऊ म्हणाले, "तापू द्या, थोड्या वेळानं निवते." पट्टीला अशी भुकटी चोळून मोडलेल्या हाडाला बांधायची रीत डच लष्करातल्या आन्तोनिउस मथायसन या डॉक्टरांनी १८५२ मध्ये जाहीर केली. या बादलीत आजही तेच चाललंय.

हातांकडे लक्ष ठेवा. आधी कापसाचा मऊ थर, हाडाच्या उंचवट्यावर थोडा जास्त. पट्टी पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत हलवत नाहीत. हलकेच पिळतात. आठ-दहा घड्यांची पाटी हाताला बसवतात आणि तळहाताने घडवतात. बोटं टेकवायची नाहीत. बोटाचा खळगा आत राहिला तर तिथे कातडीला जखम होते. पहिल्या दिवशी पूर्ण गोल प्लास्टर नाही, अर्धी पाटी आणि वर पट्टी, कारण सूज अजून वाढणार आहे आणि तिला जागा हवी. प्लास्टर तळहाताच्या रेघेपाशी संपतं. पाची बोटं मोकळी.

लगेच पुन्हा फोटो. तुकडा जागेवर आला आहे.

[दृश्य: रांगेतले इतर रुग्ण. मुलाचा हात, एका काकांचा पाय.]

व्हरांड्यात या पोराचा हात तीन-चार आठवड्यांत मोकळा होईल, लहान मुलांचं हाड झपाट्याने भरतं. काकांच्या नडगीला तीन-चार महिने तरी लागतील. मांडीचं हाड मोडलेल्या दादांना आत सळई बसवायची आहे, त्यांना यवतमाळच्या मेडिकलला पाठवलं. त्या भागातले बरेच जण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही जातात.

गावात हाडवैद्यही आहेत. ते कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. सांधा बसवण्यात त्यांच्यातल्या काहींचा हात बसलेला आहे, हे गावकरी सांगतात आणि ते खोटं नाही. धोका आहे तो ताज्या सुजेवर बांबूच्या कामट्या घट्ट आवळण्यात. आतला दाब वाढला की रक्त थांबतं, काही तासांत स्नायू मरतात, आणि हात कायमचा आखडतो किंवा कापावा लागतो.

[दृश्य: डॉक्टर मावशींना समजावताना.]

प्लास्टरमध्येही हे होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांनी घरी जाण्याआधी सुनेला समोर बसवलं. गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, बोट सरळ करताना कळ आली, बोटं बधिर किंवा पांढरी-निळी पडली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री निघायचं. हेच वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, आणि सुनेकडून वदवून घेतलं.

[दृश्य: मावशींचं घर. हात उशीवर उंच. बोटं उघडतात, मिटतात.]

पहिले काही दिवस हात काळजाच्या वर. झोपताना उशीवर, चालताना गळ्यातल्या झोळीत. आणि बोटं चालू. जागेपणी दर तासाला मूठ मिटायची, उघडायची, अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. ही मूठ आम्ही मुद्दाम इतका वेळ दाखवतोय. हाड सांधूनही हात निकामी राहिलेली माणसं गावोगाव भेटतात, आणि त्यांतल्या कित्येकांना 'हात हलवू नका' एवढंच कुणीतरी सांगितलेलं असतं. मनगट हलवायचं नाही, बोटं हलवायचीच. खांदासुद्धा. झोळीत पडून राहिलेला खांदा धरतो. दिवसातून तीन-चारदा हात झोळीतून काढून डोक्यावर न्यायचा.

पावसात प्लास्टर भिजू द्यायचं नाही, अंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधायची. खाज आली तरी आत काडी, तार काही घालायचं नाही.

[दृश्य: ताट. ज्वारीची भाकरी, वरण, जवसाची चटणी, उकडलेलं अंडं.]

आंबट खाल्लं की हाड सांधत नाही, असं घरातल्या थोरल्या बाईंचं मत. डॉक्टरांनी लिंबू खायला सांगितलं. हाडाचा सांगाडा ज्या तंतूंवर उभा राहतो, ते बनायला क जीवनसत्त्व लागतं. डाळ, दूध, अंडी, तीळ, जे घरात असेल ते. बंद करायचं ते एकच, आणि ते मावशींच्या कनवटीला आहे. खर्ऱ्यातली तंबाखू रक्तवाहिन्या आकसवते आणि हाड भरायला उशीर लावते. मावशींनी पुडी सुनेच्या हाती दिली. सुनेने ती कुठे ठेवली ते आम्ही विचारलं नाही.

[दृश्य: पोळ्याचे सजलेले बैल. पाठोपाठ तालुक्याची वाट.]

पोळा आला. मालकांनी बैल सजवले, मावशींनी एका हाताने ओवाळले. निंदणाची मजुरी बुडाली, ती बुडालीच.

आत काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही, फोटोला दिसतं. साकळलेल्या रक्तात पहिल्या दिवसांत पेशी गोळा होतात. दोन-तीन आठवड्यांत दोन टोकांमध्ये मऊ, रबरी भराव तयार होतो. मग त्यात कॅल्शियम उतरतं आणि तो कडक होत जातो. पुढे कित्येक महिने शरीर त्याला तासत, घडवत राहतं. म्हणूनच आठवड्याने आणि पुन्हा दोन आठवड्यांनी फोटो काढायला बोलावतात. तुकडा घसरला असेल तर तेव्हाच सावरता येतो, भराव कडक झाल्यावर नाही. मावशींचा पहिल्या आठवड्याच्या फोटोत हलला नव्हता. सूज उतरली होती, म्हणून त्याच दिवशी गोल प्लास्टर चढलं.

[दृश्य: प्लास्टर कापायचं यंत्र. कंप, पांढरी धूळ.]

सहावा आठवडा. यंत्राचा आवाज ऐकून मावशींनी डोळे घट्ट मिटले. पातं फिरत नाही, फक्त थरथरतं. टेक्निशियन भाऊंनी ते चालू असतानाच आपल्या तळव्याला टेकवून दाखवलं. कातडी त्याच्यासोबत हलते, म्हणून कापली जात नाही.

प्लास्टर उघडलं. बारीक झालेला हात, सोललेली कातडी. मनगट वाकेना.

[बाईट: मावशी.]
"हे तं माह्यं वाटतच नाही."

[दृश्य: कोमट पाण्याचं घमेलं. फिजिओथेरपिस्ट ताई. मग चूल.]

कोमट पाण्यात हात, मग मनगट वर-खाली, पंजा उताणा-पालथा. ओलं फडकं पिळायचं, आधी लहान, मग मोठं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मऊ चेंडू दिला होता, तो नातवाने पळवला. मग ताईंनीच विचारलं, "मावशी, पीठ मळता का?" मळण्याने मूठ होते. थापण्याने तळवा उघडतो, मनगट मागे वळतं आणि त्यावर बेताचा भार येतो. पहिली भाकरी एका बाजूला जाड झाली. पुढच्या काही दिवसांत कडा सारखी झाली.

डॉक्टरांनी अजून एक तपासणी लिहून दिली आहे, हाडांच्या घनतेची. पाळी गेल्यानंतरच्या वयात साध्या पडण्याने मनगट मोडलं तर हाडं आधीच ठिसूळ झालेली असू शकतात, आणि पुढचं पडणं खुब्यावर जाऊ शकतं.

[दृश्य: फुटलेली पऱ्हाटी. पांढरं वावर. ओटी बांधलेल्या बायका.]

[बाईट: मावशी.]
"कापूस फुटला तं माणूस घरी कसा बसन?"

डॉक्टरांनी वेचणीला हो म्हटलं. बोंडातून कापूस काढणं बोटांना चांगलंच. ओटी अर्धी भरली की रिकामी करायची. गाठोडं उचलायचं नाही, ते सुनेने किंवा मालकांनी उचलायचं, निदान पुढचे दोन महिने. ओल्या धुऱ्यावरून जाताना हातात काठी. पुढची तारीख केसपेपरवर लिहिली आहे, आणि केसपेपर सुनेने राशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.